बंदिस्त ट्रेलर (मोटारसायकल वाहतुकीचा)

मोटारसायकल रस्त्यावर न चालवता दुसऱ्या गावी नेण्यासाठी मोटारीमागे जोडून ओढायचा, चारी बाजूंनी आणि वरून बंद असा डबा. त्याला स्वतःचे इंजिन नसते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार दुसऱ्या मोटार वाहनाने ओढले जाणारे वाहन म्हणजे ट्रेलर. त्यातून अर्ध-ट्रेलर आणि साइडकार वगळली आहेत. चाकणच्या रस्त्यावर दिसणारे, नव्याकोऱ्या दुचाकींनी भरलेले लांबलचक कंटेनर सामान्यतः अर्ध-ट्रेलर असतात, कारण त्यांचा पुढचा भार ओढणाऱ्या ट्रकच्या सुट्या तोंडावर टेकलेला असतो. अशा दुचाकीवाहू गाड्यांना तीन मजल्यांपर्यंत मांडणी करण्याची मुभा केंद्र सरकारने २०२२ मध्ये दिली. प्रस्तुत नोंद एक ते तीन दुचाकी नेणाऱ्या घरगुती आकाराच्या ट्रेलरपुरती आहे.

पुण्यातली प्रचलित पद्धत

दुचाकींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात (बजाज ऑटोचे मुख्यालयच आकुर्डीत आहे) दुचाकी वाहून नेण्याची सवय जुनी आहे, ट्रेलरची मात्र नवी. बहुतेकांची दुचाकी रेल्वेच्या पार्सलने जाते, नाहीतर टेम्पोने. रेल्वेत टाकी रिकामी करून, गोणपाट आणि पेंढा गुंडाळून, आरसीची प्रत देऊन ती पार्सल कार्यालयात सोपवावी लागते. टेम्पो म्हणजे बहुधा २००५ साली आलेला टाटा एस, लोकांच्या तोंडी ‘छोटा हत्ती’. त्याचा हौदा सुमारे २.२ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असतो. क्लासिक ३५० बुलेटची लांबी २.१४ मीटर असल्याने ती त्यात सरळ उभी राहते, पण फाळका लावताना नंबरप्लेटला जपावे लागते.

चढवण्याचा सोहळा ठरलेला. चालक टेम्पो एखाद्या उंचवट्याला किंवा दुकानाच्या ओट्याला मागून भिडवतो, मधल्या फटीवर फळी टाकतो. एक जण हँडल धरतो, दोघे मागून रेटतात आणि चौथा ‘अजून थोडं, अजून थोडं’ म्हणत लांब उभा राहतो. ओटा नसेल तिथे नुसत्या फळीवर काम भागवतात. तशात पाय घसरून टाकीला पोचा पडला नाही, असा टेम्पोवाला विरळा. ट्रेलरचा विचार बहुधा असा पोचा पडल्यानंतरच सुरू होतो.

फाळका आणि चढ

ट्रेलर पाहायला गेलेला माणूस आधी बाहेरचा पत्रा, रंग आणि चाके बघतो. बघायला हवा तो मागचा फाळका आणि आतला तळ. अमेरिकेत या ट्रेलरना मागे दोन प्रकारची दारे असतात : कपाटासारखी दोन पाखांची, आणि खाली उघडून उतरण होणारा एकसंध फाळका. दुचाकीसाठी फाळकाच घ्यावा. दोन पाखांच्या दारासोबत वेगळी फळी बाळगावी लागते आणि आपण पुन्हा टेम्पोच्याच पंगतीला येऊन बसतो.

चढाचा हिशेब सोपा आहे. ट्रेलरचा तळ जमिनीपासून अर्धा मीटर वर आणि फाळका १.८ मीटर लांब असेल, तर चढ साधारण १६ अंशांचा होतो. १९५ किलोची बुलेट त्यावर ढकलताना सुमारे ५४ किलोचा जोर लागतो. तेवढ्याच लांबीची फळी टेम्पोच्या पाऊण मीटर उंच हौद्याला लावली की चढ २५ अंशांच्या जवळ जातो आणि जोर ८१ किलोंवर. पहिले काम दोघांचे, दुसरे चौघांचे. शिवाय चढ जिथे संपतो त्या कंगोऱ्यावर दुचाकीचे पोट टेकते. मेन स्टँड, सायलेन्सर किंवा इंजिनखालचा पत्रा अडकतो आणि गाडी ना वर जाते ना खाली. म्हणून फाळका लांब हवा, किंवा त्याच्या टोकाला घडीची जोडफळी हवी. त्याचा पृष्ठभाग खरबरीत हवा. झिजून गुळगुळीत झालेला पत्रा पावसात साबणासारखा होतो.

आतली जागा

अमेरिकी बाजारात सहा फूट रुंद, बारा फूट लांब हा दोन मोटारसायकलींसाठी सर्रास घेतला जाणारा आकार आहे. एका ॲक्सलच्या अशा ट्रेलरचे कमाल भारित वजन पुष्कळदा २,९९० पौंड, म्हणजे सुमारे १,३५० किलो ठेवलेले आढळते, कारण तिथल्या अनेक राज्यांत ३,००० पौंडांपासून ट्रेलरला ब्रेक सक्तीचे होतात. भारतात कमाल वजन पाऊण टनापर्यंत असलेला ट्रेलर टी-१ वर्गात आणि त्यापुढे साडेतीन टनांपर्यंतचा टी-२ वर्गात मोडतो. दोन बुलेट नेणारा बंद डबा पाऊण टनात बसणे जवळपास अशक्य, तेव्हा टी-२ गृहीत धरूनच चालावे.

सहा फुटांत आतली रुंदी जेमतेम पावणेदोन मीटर मिळते. क्लासिक ३५०ची रुंदी ०.७८५ मीटर, म्हणजे दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या केल्यावर वीतभरच जागा उरते. गाड्या मावतात, पण बांधायला हात जात नाही. यावर उपाय म्हणजे एक गाडी अर्धा मीटर पुढे आणि दुसरी मागे ठेवणे, म्हणजे हँडलला हँडल भिडत नाही. बारा फुटांत हे आरामात जमते, आठ फुटांत नाही. पुढच्या बाजूला छोटे दार असणेही जरुरीचे आहे. नाहीतर गाडी आत ढकलत नेणारा भिंत आणि टाकी यांच्यात अडकतो आणि बाहेर यायला त्याला सीटवरून उडी मारावी लागते.

बांधणी

तळ जाड प्लायवूडचा असो वा पत्र्याचा, महत्त्व आहे ते कड्यांना. कडी नुसत्या फळीत स्क्रूने बसवलेली नसावी, खालच्या चासीच्या पट्टीत बोल्टने जायला हवी. आडव्या पट्ट्यांत हव्या तिथे कडी सरकवता येणारी व्यवस्था असेल तर उत्तम, कारण स्कूटर, बुलेट आणि माती-शर्यतीची गाडी या तिघींच्या बांधायच्या जागा वेगवेगळ्या असतात.

पुढचे चाक व्हील चॉकमध्ये, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या खोबणीत घालतात. दोन रॅचेट बेल्ट (दातेरी खटक्याने आवळायचे पट्टे) फोर्कच्या खालच्या जोडापासून पुढे आणि बाहेरच्या बाजूला, साधारण ४५ अंशांत ओढतात. मागचे दोन पट्टे मागचा भाग उड्या मारू नये एवढ्यापुरते. धातूचा आकडा थेट गाडीला न लावता मध्ये कापडी फास घालतात. साइड स्टँड नेहमी वर. शॉकअप निम्म्यापर्यंत दाबले गेले की थांबावे. ‘अजून एक दात’ म्हणत रॅचेट आवळणाऱ्याच्या गाडीचे ऑइल सील गळायला वेळ लागत नाही.

सुरुवातीच्या धक्क्यांत शॉकअप बसतात आणि पट्टे ढिले पडतात. पुण्याहून साताऱ्याकडे निघाल्यास खेड शिवापूरचा टोलनाका या तपासणीसाठी सोयीचा आहे. दार उघडावे, चारही पट्टे बोटाने वाजवून पाहावेत, ढिला असेल तो ओढावा.

ओढणारी गाडी आणि घाट

ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग पुढच्या दांडीवर यायला हवा, असा अमेरिकेतला सर्वमान्य ठोकताळा आहे. ६०० किलोचा डबा, दोन बुलेटचे ३९० आणि हत्यारे-हेल्मेटांचे ६० मिळून १,०५० किलो झाले, तर दांडीवर निदान १०५ किलो. तेवढा भार ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या जोडाला पेलला पाहिजे. गाडीच्या माहितीपुस्तिकेत ओढण्याची मर्यादा दिलेली नसेल किंवा ट्रेलर जोडू नये असे लिहिले असेल, तर विषय तिथेच मिटला. बाजारातून हुक जोडून घेतल्याने गाडीची ताकद वाढत नाही. जड दुचाकी ॲक्सलच्या किंचित पुढे ठेवावी. वजन मागे गेले की दांडी हलकी होते आणि वेगात ट्रेलर शेपूट हलवू लागतो.

पुणेकराला हे कळते ते परतीच्या वाटेवर. जुन्या मार्गाने जाताना खंबाटकी घाट चढायचा असतो. येताना तिथल्या जुन्या बोगद्यातून बाहेर पडताच कुप्रसिद्ध ‘एस’ वळण लागते, आणि पुढे कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा सलग उतार. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांच्या अपघातांमुळे तो साऱ्या शहराला ठाऊक आहे. तिथे ब्रेक नसलेला, हजार किलोचा उंच डबा मागे लावून उतरणे हा वेडेपणा होय. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. ट्रेलर डोलू लागला तर ब्रेक दाबू नये, ॲक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग सरळ धरावे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, पण ट्रेलरमध्ये बसलेली बुलेट तिथून माल म्हणून ऐटीत जाते.

नोंदणी, जागा आणि गरज

ट्रेलरची वेगळी नोंदणी आणि वेगळी नंबरप्लेट लागते. ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून वेल्डिंग करून घेतलेला डबा स्वस्त पडतो, पण आरटीओत अडतो. म्हणून विक्रेत्याकडे त्या नमुन्याचे मंजुरीपत्र आहे का, हे पैसे देण्याआधी विचारावे. अशा मंजुरीसाठीच्या चाचण्या करणाऱ्या देशातल्या जुन्या संस्थांपैकी एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, स्थापना १९६६) कोथरूडच्या टेकडीवर आणि सीआयआरटी (सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट, १९६७) भोसरीजवळ आहे.

बारा फुटी डबा ठेवणार कुठे, हा त्याहून अवघड प्रश्न. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ट्रेलरसाठी पार्किंग मंजूर करून घेण्यापेक्षा तो खंबाटकीतून ओढत नेणे सोपे. वर्षातून एकदा दुचाकी हलवणाऱ्याने बंद बॉडीचा पिकअप भाड्याने घ्यावा. ट्रेलर परवडतो तो जुन्या गाड्या जमवणाऱ्यांना आणि मातीतल्या शर्यतींच्या चमूंना. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉसची फेरी झाली. अशा स्पर्धांत गाडी, सुटे भाग आणि अवजारे कुलपात राहतात आणि रात्री तोच डबा गॅरेज होतो.

पावसाळा

बंद डब्याचा मोठा फायदा पावसापासून बचाव हा. तोटाही तिथूनच येतो. ताम्हिणीतून भिजून आलेली गाडी तशीच आत ठेवून दार लावले की ओल कोंडते, दोन दिवसांत साखळीवर तांबूस थर चढतो आणि सीट कुबट वास मारू लागते. म्हणून छताला झडप आणि भिंतीत खाली जाळीची खिडकी हवी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती तळाशी साचते, तीही याच खालच्या जाळीतून बाहेर पडते. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीचा पेट्रोल कॉक बंद करूनच दार लावतात. पुण्यात पोहोचल्यावर फाळका उघडा टाकून गाडी आधी वाऱ्यावर वाळू देतात आणि साखळीला तेल सोडतात.