संप्रेरक उपचार घेणाऱ्या प्रोस्टेट कर्करुग्णांसाठी व्यायाम

प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीच्या) कर्करोगात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक दाबून ठेवण्याचा उपचार चालू असताना स्नायू, हाडे व हृदय सांभाळण्यासाठी केलेला नियोजित व्यायाम. तो उपचाराच्या जोडीने करायचा असतो, उपचाराऐवजी नव्हे.

टेस्टोस्टेरॉनचा पुरवठा तोडला की हा कर्करोग मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स व क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये दाखवले. हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्वी टेस्टोस्टेरॉन थांबवण्यासाठी वृषणे काढत. आता बहुतेकांना ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, डेगारेलिक्स यांसारखी इंजेक्शने देतात. पण स्नायू, हाडे आणि रक्तपेशींची निर्मिती यांनाही हेच संप्रेरक लागते. त्यामुळे काही महिन्यांतच दंड-मांड्या उतरतात, पोट सुटते, रक्तातील साखर वाढू लागते आणि हाडे विरळ होतात. हाडांची झीज पहिल्या वर्षात सर्वाधिक असते. रोजच्या जगण्यात सर्वांत जाचतो तो झोप घेऊनही न जाणारा थकवा.

अशा वेळी ‘आता आराम करा’ असे सगळेच मायेने सांगतात, पण नुसत्या आरामाने स्नायू आणखी घटतात व थकवा वाढतो. रोज फिरायला जाणे हृदयासाठी चांगले असले, तरी स्नायू राखायला तेवढे पुरत नाही. त्यासाठी भार पेलावाच लागतो. डंबेल, रबरी पट्टे, जिममधील यंत्रे किंवा खुर्चीतून उठबस करताना स्वतःचेच वजन, यांपैकी काहीही चालते. मांड्या, पाठ, छाती, खांदे अशा मोठ्या स्नायूंचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा करावेत. एका फेरीत ८ ते १५ आवर्तने, आणि शेवटची दोन-तीन जड जातील एवढा भार असावा. ती सहज जमू लागली की भार वाढवावा. ही वाढ राहून गेली तर व्यायामाचा बराचसा फायदा हातचा जातो.

वजने उचलल्याने टेस्टोस्टेरॉन वाढून कर्करोग बळावेल, ही भीती अनेकांना वाटते. अभ्यासांत तसे आढळलेले नाही. कॅनडात १५५ पुरुषांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा भारव्यायाम करणाऱ्यांचा थकवा घटला, ताकद वाढली. ब्रिटनमधील ‘नाइस’ या, उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस अशी, की संप्रेरक उपचार सुरू होणाऱ्या वा चालू असलेल्या पुरुषांना १२ आठवडे, आठवड्यातून किमान दोनदा, देखरेखीखाली भारव्यायाम व दम वाढवणारा (एरोबिक) व्यायाम द्यावा. झीज होऊ देऊन मग भरून काढण्यापेक्षा पहिल्या इंजेक्शनच्या सुमारासच सुरुवात करणे अधिक शहाणपणाचे. या उपचारात अंगातून उठणाऱ्या गरम वाफांवर मात्र व्यायामाचा असा खात्रीचा गुण सांगता येत नाही.

कर्करोग हाडांत पसरला असला तरी व्यायाम सर्वस्वी वर्ज्य नाही. मात्र बाधित हाडावर भार, धक्का वा पिळा येणार नाही अशी आखणी डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांनी स्कॅन पाहून करून द्यावी लागते. पाठीत नव्याने तीव्र दुखू लागले, पायातले बळ गेले किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटू लागला, तर मणक्यातील मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. व्यायाम तिथेच थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.