सिस्टर मेरी जोसेफ गाठ

पोटातला किंवा ओटीपोटातला कर्करोग बेंबीपर्यंत पसरला की तिथे उठणारी टणक गाठ. मूळ रोग बहुधा जठर, मोठे आतडे किंवा स्वादुपिंडाचा असतो. बायकांमध्ये सर्वाधिक अंडाशयाचा. आत काही बिघडले आहे याची पहिली खबर कित्येकदा हीच देते.

बेंबीच्या जागी कातडी आणि पोटाचे आतले अस्तर यांत अंतर फार थोडे. मध्ये स्नायू नाही. शिवाय नाळेच्या जुन्या वाहिन्यांचे दोर तिथून यकृताकडे आणि मूत्राशयाकडे जातात. रोगाच्या पेशी अस्तरावरून, या दोरांवरून किंवा रक्तातून, लसिकेतून (ऊतींमधून झिरपणाऱ्या पातळ द्रवातून) येतात. गाठ हरभऱ्यापासून सुपारीएवढी, लालसर किंवा तपकिरी; कधी चिरते, पाणी झिरपते. साधा हर्निया मऊ असतो, खोकल्यावर फुगतो आणि आडवे झाल्यावर सहसा आत जातो. ही गाठ दाबली तरी आत जात नाही.

मेरी जोसेफ डेम्प्सी (१८५६–१९३९) अमेरिकेतील रोचेस्टरच्या सेंट मेरीज रुग्णालयात शल्यविशारद विल्यम मेयो यांच्या साहाय्यक होत्या. शस्त्रक्रियेआधी रुग्णाचे पोट स्वच्छ करताना ही गाठ त्यांच्या हाताला लागे. १९२८ मध्ये मेयोंनी तिला ‘पँटच्या बटणासारखी बेंबी’ म्हटले. जोसेफ यांचे नाव तिला मिळाले ते इंग्लिश शल्यविशारद हॅमिल्टन बेली यांच्यामुळे, १९४९ मध्ये. श्रेय उशिरा का होईना, योग्य हाताला गेले.

सोलापुरात बेंबीची तक्रार म्हणजे ‘बेंबी सरकली’ हा निदानाचा जुना शॉर्टकट. मग तेल लावून पोट चोळणे आले. गाठ दिसलीच तर दोष परकराच्या नाडीला, आणि दिवसभर विड्या वळत बसणारीचे पोट वाढले तर ‘बसून बसून सुटलं’. अंडाशयाच्या कर्करोगात पोटात पाणी साठते, तेही असेच दिसते. जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलत, धोक्याची लक्षणे सांगत आणि तपासणीला यायला प्रवृत्त करत. दवाखान्यात कोणी येईल म्हणून वाट पाहण्यापेक्षा हे शहाणपणाचे.

बेंबीतली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. साचलेल्या मळाचा खडा असतो, जुना व्रण असतो. पाळीच्या दिवसांत दुखणारी, रक्त येणारी गाठ बेंबीत वाढलेल्या, गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ऊतीची असू शकते. सुई घालून पेशी तपासल्या की उलगडा होतो. पुढे सोनोग्राफी, सीटी स्कॅन.

डाव्या गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या बाजूची टणक गाठही पोटाकडेच बोट दाखवते. मान काळी पडणे मात्र बहुतेकदा लठ्ठपणाचे किंवा मधुमेहाकडे झुकल्याचे लक्षण. उतारवयात, वजन घटत असताना ती अचानक काळी-जाड झाली, तरच जठराची शंका घ्यावी. दगडाने घासून तो रंग जात नाही.