विसरायला होतंय म्हणून रक्त तपासायला येताय? गोळ्यांची पाकिटं सोबत आणा

काउंटरवर आम्ही विचारतो, "कुठली व्हिटॅमिनची गोळी चालू आहे का?" बहुतेक जण नाही म्हणतात. सुई काढून कापूस धरला की आठवतं, केस गळतात म्हणून एक गोळी रोज घेतो. त्या गोळीत बहुधा बायोटिन असतं. रक्तात ते जास्त असलं की काही यंत्रांवर टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीचा आकडा) खोटंच कमी दिसतं आणि मंदावलेला थायरॉइड कागदावर ठीक ठरतो. मग सॅम्पल पुन्हा, हेलपाटा पुन्हा. बी-१२ चंही तेच. आठवडाभर गोळ्या खाऊन आलात की आकडा वर चढतो आणि मूळची कमतरता झाकली जाते. विसरण्याच्या कारणांपैकी मंदावलेला थायरॉइड आणि बी-१२ ची कमतरता ही दोन औषधाने सुधारण्यासारखी आहेत, म्हणून आम्ही इतके खोदून विचारतो. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र स्वतःहून थांबवू नका.

होमोसिस्टीन, म्हणजे बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारं अमिनो आम्ल, त्यासाठी घरी येऊन सॅम्पल घेत नाही, याचा काहींना राग येतो. रक्त नळीत तसंच राहिलं तर तांबड्या पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात आणि आकडा उगाच फुगतो. इथे नळी लगेच बर्फात ठेवून पेशी वेगळ्या करता येतात.

"त्यापेक्षा जीनचीच टेस्ट करा, एकदाचं कळेल," असंही ऐकतो. एपीओई जीनचं ई४ रूप अल्झायमरचा धोका वाढवतं, आई-वडील दोघांकडून आलं असेल तर आणखी. पण ई४ असूनही कित्येकांना हा आजार होत नाही आणि नसूनही होतो. शिवाय तुमचा रिपोर्ट तुमच्या भावंडांबद्दल, मुलांबद्दलही काही सांगून जातो. म्हणून डॉक्टरांशी बोलून चिठ्ठी आणल्याशिवाय ही टेस्ट आम्ही करत नाही. गिऱ्हाईक परत जातं, तरी करत नाही.

बदलता येतं ते दुसरीकडे आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) टाळता येण्याजोगे १४ धोके मांडले. त्यांत मधुमेह, रक्तदाब, वाढलेलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आहे, कमी ऐकू येणंही आहे. आमच्या स्मरण-तपासणीत एचबीए१सी, लिपिड (रक्तातली चरबी), बी-१२ आणि टीएसएच एकाच वेळी होतात, रक्तदाबही मोजतो. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची साखर सांगतं, त्याआधी पुन्हा करून हाती फारसं लागत नाही.

जुने रिपोर्ट असतील तर तेही आणा, नवे आकडे त्यांच्या शेजारी लिहून देतो. आणि गोळ्यांची नावं आठवत बसू नका. पाकिटं पिशवीत टाका, आम्ही वाचून घेऊ.