मणक्यात ‘गॅप’ आला म्हणजे नेमकं काय?

तासगावच्या द्राक्षबागेत दिवसभर मान वर करून विरळणी केलेली काकू संध्याकाळी कमरेला हात लावून म्हणते, “मणक्यात गॅप आलाय.” सांगलीकडे हे निदान चहाच्या टपरीवरही फुकट मिळतं.

गोष्ट नेमकी उलटी आहे. दोन मणक्यांमध्ये फट असतेच, तिथे चकती बसलेली असते. वयानुसार चकतीतलं पाणी कमी होतं, ती चपटी होते. म्हणजे फट वाढत नाही, घटते. 2015च्या एका आढाव्यात काहीही न दुखणाऱ्या 50 वर्षांच्या लोकांपैकी सुमारे 80 टक्के जणांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. एक्स-रे किंवा एमआरआयच्या फिल्ममध्ये दिसलं म्हणून तेच दुखतंय, असं नाही. बहुतेकदा ताण स्नायूंचा असतो. पट्टा बांधून महिनाभर पडून राहिलात, तर हे स्नायू आणखी ढिले पडतात.

एक प्रकार मात्र हमखास निसटतो. चाळिशीच्या आतल्या माणसाची कंबर पहाटे दुखते, उठल्यावर अर्धा तास तरी ताठ राहते आणि कामाला लागल्यावर मोकळी होते. हा सूज आणणारा संधिवात असू शकतो. त्याला संधिवाततज्ज्ञच गाठावा. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना.