कूलरचा पंखा आणि नव्या गाडीचं चाक

नागपुरात ज्याच्या घरी कूलर आहे त्याला कंपनांचा पहिला धडा फुकटात मिळालेला असतो. एप्रिलमध्ये कूलर माळ्यावरून उतरतो, पंख्याच्या पात्यांवर मागच्या वर्षीचे पाण्याचे क्षार तसेच चिकटलेले असतात, एका पात्यावर जरा जास्त. पंखा पूर्ण वेगात फिरत असताना फार काही जाणवत नाही. बटण बंद केलं की तो मंदावत जातो आणि मध्येच एका क्षणी खिडकीचे गज, कूलरचा पत्रा, वर ठेवलेला गडवा, सगळं एकदम थडथडतं. दोन सेकंद, फार तर तीन. मग शांत. वेग कमी होत असताना आवाज वाढला कसा, हे कोणी विचारत नाही, कारण दरवर्षी असंच होतं.

भाच्याने अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर गाडी घेतली आणि चौथ्याच दिवशी त्याचा फोन आला. "मामा, गाडी नव्वदच्या वर गेली का स्टेअरिंग थरथरते. शोरूमवाला म्हणते, अलाइनमेंट करून देतो." मी म्हटलं, थांब, आधी एक सांग. एकशेदहाला किती थरथरते? तो जरा थांबला. "कमी होते. म्हणजे, बरीच कमी." कूलर आठवला तो तेव्हा.

अलाइनमेंटचं आधी आटपून टाकतो. आपल्याकडे 'अलाइनमेंट-बॅलन्सिंग' हे पोहे-चहासारखं एका दमात म्हटलं जातं, पण दोन्हींचा तसा काही संबंध नाही. अलाइनमेंट म्हणजे चाकं कोणत्या दिशेला तोंड करून उभी आहेत, त्याचे कोन. ते बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतात. बॅलन्सिंग म्हणजे रिमला छोटी वजनं चिकटवून चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं. नव्या कोऱ्या टायरवर थरथर आणण्याचं काम अलाइनमेंट सहसा करत नाही. थरथर येते चाकाच्या वजनातून, नाहीतर त्याच्या गोलाईतून.

त्यासाठी थोडं गणित. भाच्याच्या टायरवर १९५/५५ आर १६ असं लिहिलेलं आहे. १९५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ५५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के, १६ हा रिमचा व्यास इंचांत. रिमचे ४०६ मिलिमीटर आणि वरखाली दोन भिंतींचे १०७-१०७ मिळवले की चाकाचा व्यास ६२० मिलिमीटर भरतो. परीघ १.९५ मीटर. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. तेव्हा चाक सेकंदाला सुमारे १४ फेरे मारतं.

आता रिमच्या कडेला एका जागी ३० ग्रॅम वजन जास्त आहे असं समजू. तीस ग्रॅम म्हणजे चिवड्याची एक मूठ. पण ते आसापासून २० सेंटिमीटरवर बसून सेकंदाला १४ वेळा गरागरा फिरतं, आणि फिरताना चाकाला बाहेर ओढतं. ती ओढ शंभरच्या वेगाला जवळपास ५ किलो वजनाएवढी होते. कधी वर, कधी खाली, कधी पुढे, कधी मागे, सेकंदाला १४ वेळा. वेग निम्मा केला तर ओढ निम्मी होत नाही, चौथाई होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून पन्नासला, म्हणजे वर्धा रोडच्या गर्दीत, काहीच कळत नाही.

पण मग एकशेदहाला थरथर आणखी वाढायला हवी होती. कमी का झाली?

कारण चाक स्वतःही एक झोका आहे. वरून सस्पेन्शनची स्प्रिंग, खालून हवा भरलेला टायर, तोही स्प्रिंगच, आणि मधोमध चाक, ब्रेक, हब (चाक ज्यावर कसतात तो मधला भाग) वगैरे मिळून पस्तीस-चाळीस किलोचा गोळा. याला धक्का देऊन सोडलं तर तो आपल्या मर्जीने सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा डुलतो. गाडीचा वेग ८० ते १०० च्या दरम्यान आला की चाकाचे फेरे नेमके याच पट्ट्यात येतात. ओढ आणि डोलणं यांचा ताल जुळतो, आणि ३० ग्रॅमची तक्रार स्टेअरिंगपर्यंत पोचते. त्यापुढे ताल तुटतो, ओढ वाढूनही थरथर ओसरते. भौतिकशास्त्रात याला अनुनाद म्हणतात. कूलर बंद करताना गडवा थडथडतो तोही हाच. फरक इतकाच की पंखा त्या वेगातून उतरताना जातो आणि आपण समृद्धी महामार्गावर त्याच वेगाला तासन् तास धरून बसतो. कारसाठी तिथे १२० ची मर्यादा आहे, पण घरचे सोबत असले की काटा नव्वद-शंभरलाच राहतो.

इथवर मला वाटत होतं की बॅलन्सिंगचं काम आहे. पण भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली आणि प्रकरण रंगलं. नागपूरजवळच्या शिवमडक्याहून समृद्धीला लागलं की थरथर जोरात असते, कारंजा येईस्तोवर बरीच निवळते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जशीच्या तशी.

वजनाचा असमतोल तापला म्हणून कमी होत नाही. तीस ग्रॅम थंडीतही तीसच आणि उन्हातही तीसच. जे तापल्यावर कमी होतं आणि उभं राहिल्यावर परत येतं ते टायरच्या गोलाईचं दुखणं.

गाडी उभी असते तेव्हा प्रत्येक टायर जमिनीला किती टेकतो? हजार किलोची गाडी, चाकामागे अडीचशे किलो. हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २.३ किलोच्या आसपास. भागाकार केला की सुमारे ११० चौरस सेंटिमीटर येतात. एक तळहात. तेवढा भाग सपाट दबलेला असतो, बाकी टायर गोल. हवा २० पीएसआयवर उतरली तर तो तळहात दीडपटीहून मोठा होतो.

टायर नुसत्या रबराचा नसतो. आत पोलादी तारांचे पट्टे असतात, आणि त्यांच्यावर बहुतेक वेळा नायलॉनच्या धाग्यांचा एक थर घट्ट गुंडाळलेला असतो, वेगात टायर फुगू नये म्हणून. या नायलॉनची एक खोड आहे. साधारण ५० अंश सेल्सियसच्या आसपास ते आपली अवस्था बदलतं. त्याखाली ताठ, त्यावर नरम. नरम असताना जो आकार दिला, तो गार होताना ते धरून ठेवतं. इस्त्री केलेल्या कपड्यासारखं, फक्त इथे इस्त्री गाडीचं वजन करतं.

आणि आता नागपूरचा मे महिना आठवा. हवा ४५ च्या पुढे, डांबर त्याहून कितीतरी तापलेलं. शोरूमच्या मागच्या यार्डात, शेडबाहेर, एक गाडी महिनाभर एकाच जागी उभी आहे. रोज दुपारी तिच्या टायरमधलं नायलॉन खालून नरम होतं, रोज रात्री सपाट अवस्थेत गार होतं. रोज एक इस्त्री. मुहूर्ताला हार घालून ती बाहेर पडते तेव्हा चारही टायरना एकेक चपटी जागा असते. डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही, पण दर फेऱ्याला एकदा रस्त्यावर आपटते. टायरवाले याला 'फ्लॅट स्पॉट' म्हणतात. हे नुसतं नव्या गाडीला होत नाही. दिवाळीत पंधरा दिवस गावी गेलं आणि गाडी अंगणात उभी राहिली तरी होतं, फक्त तेव्हा ऊन नसल्यामुळे हलकं असतं आणि वीस-तीस किलोमीटरमध्ये जातं.

हे टाळायला वाहतुकीत आणि यार्डात टायरमध्ये मुद्दाम जास्त हवा भरून ठेवतात. गाडी देताना ती कमी करायची असते. ते राहून गेलं की दुसरीच तक्रार सुरू होते, गाडी खड्ड्या-खड्ड्यावर उडते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेच्या दाबाचं स्टिकर असतं. नवी गाडी घरी आली की सकाळी, चाकं थंड असताना, हवा त्या आकड्याला आणावी. दुपारी मोजली तर फसाल. दर १० अंशांना दाब दीड पीएसआयने वाढतो.

असमतोल आहे की चपटी जागा, की दोन्ही, हे घरबसल्या कळू शकतं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने 'फायफॉक्स' नावाचं मोफत अ‍ॅप केलेलं आहे. मोबाइलमधला त्वरण मोजणारा सेन्सर सेकंदाला किती वेळा हलतोय याचा आलेख ते काढतं. भाच्याच्या बायकोने (गाडी चालवणाऱ्याने हे करायचं नाही, हे सांगायलाच नको) दोन सीटांच्या मधे मोबाइल आडवा ठेवला आणि वेग शंभरला स्थिर धरायला लावला. आलेखात १४ वर एक ठळक शिखर, आणि २८ वर दुसरं, बुटकं. चौदा म्हणजे चाक, नक्की. अठ्ठावीस म्हणजे दर फेऱ्याला दुसराही हेलकावा आहे, जो नुसत्या जास्तीच्या वजनाने सहसा येत नाही. चपटी जागा आपटते तेव्हा झटका छोटा आणि तीक्ष्ण असतो, आणि अशा झटक्यात मूळ कंपनाच्या पटीतली कंपनंही मिसळलेली असतात.

इंजिनवर संशय असला तर हाच आलेख उपयोगी पडतो. दर मिनिटाला २४०० फेरे म्हणजे सेकंदाला ४०, आणि चार सिलिंडरचं इंजिन प्रत्येक फेऱ्यात दोनदा पेटतं. ही गुणगुण १४ च्या कितीतरी वर. त्याच वेगाला गिअर बदलून पाहिलं आणि थरथर बदलली नाही, तर इंजिन निर्दोष. ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल तर ब्रेकची डिस्क बघायची. थरथर स्टेअरिंगमध्ये असेल तर पुढची चाकं, सीटमध्ये आणि पायाखाली असेल तर मागची, असा ठोकताळा आहे. बहुतेक वेळा बरोबर निघतो.

आम्ही गाडी नागपूरजवळच्या वाडी या गावातल्या एका जुन्या टायरवाल्याकडे नेली. हात काळे, बोलणं कमी. त्याने आधी टॉर्च घेऊन रिमच्या आतल्या बाजूला पाहिलं. पावसाळ्यात म्हणे अर्ध्या तक्रारी तिथेच सुटतात, विदर्भाची काळी माती रिमच्या पोटात बसते आणि वाळून दगड होते. इथे माती नव्हती. मग त्याने आम्हाला तशीच गाडी घेऊन पंचवीस किलोमीटर फिरून यायला सांगितलं, आणि आल्याबरोबर, टायर गरम असतानाच, चारही चाकं हवेत उचलली. "बसू द्याल त पुन्हा चपटतीन." गार होईस्तोवर ती तशीच लटकत होती. नायलॉन या वेळी गोल आकारात गार झालं.

मग बॅलन्सिंग. पुढच्या डाव्या चाकाला ३५ ग्रॅम कमी निघाले. मशीनवर चाक एका शंकूवर बसवतात, आणि शंकू जरा जरी तिरका बसला तर मशीन भलताच आकडा दाखवतं. म्हणून त्याने वजनं चिकटवल्यावर चाक सैल केलं, अर्धा फेरा फिरवून पुन्हा कसलं आणि परत मोजलं. शून्य. ही अर्ध्या फेऱ्याची परीक्षा न करता पैसे देऊ नयेत, असं माझं मत आहे. दोन मिनिटांचं काम, पण घाईत बहुतेक जण गाळतात. नट कसतानाही त्याने झटपट नट आवळणारी गन वापरली नाही. समोरासमोरचे नट आळीपाळीने, टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लावला ते मोजणाऱ्या पान्याने, कट्ट असा आवाज येईस्तोवर. गोल ओळीने कसले तर चाक हबवर किंचित तिरकं बसतं आणि सगळी मेहनत पाण्यात. शोरूमबाहेरून घेतलेले अलॉय रिम असतील तर मधलं भोक हबपेक्षा मोठं असू शकतं. तिथे प्लास्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची रिंग लागते, आणि ती बसवायला विसरतात.

एवढं करूनही थरथर राहिली तर टायरच कुठे कडक, कुठे मऊ असतो. साध्या मशीनवर तो शून्य दाखवेल, कारण तिथे चाक हवेत फिरतं. त्यासाठी टायरवर रोलर दाबून मोजणारं मशीन लागतं. टायरची वॉरंटी सहसा टायर कंपनीची असते, गाडीवाल्यांची नव्हे. तेव्हा पहिल्याच भेटीत जॉब कार्डवर तक्रार, वेग आणि किलोमीटर लिहून घ्यायला हवं. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, तेही बघावेत. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. आणि वीस-तीसच्या वेगालाच स्टेअरिंग डुलत असेल, किंवा भिंतीला फुगा आला असेल, तर मोबाइल-आलेख काही न करता गाडी बाजूला घ्यायची. आतला पट्टा सुटत असू शकतो, किंवा नट सैल असतील.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पुन्हा समृद्धीवर. शंभर. स्टेअरिंग निवांत. आलेखात १४ चं शिखर जमिनीला टेकलेलं, २८ चं गायब. पण डावीकडे ६ वर एक नवीन, चिमुकलं शिखर उभं होतं, आणि कान देऊन ऐकलं तर खालून बारीक थड-थड-थडही येत होती. भाच्याचा चेहरा पुन्हा पडला. मी बाहेर बघायला सांगितलं. काँक्रीटच्या रस्त्याला साधारण साडेचार-साडेचार मीटरवर सांधे असतात. सत्तावीस पूर्णांक आठ भागिले साडेचार.

"सहा," तो म्हणाला. "म्हणजे हा रस्त्याचा आहे."

मग त्याने रेडिओ लावला.