घरच्या दोन कंपन्या एक करताना: कलम २३३ चा जलद मार्ग, पात्रता आणि कागदपत्रं

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल पंचतारांकित एमआयडीसीत एकाच घराच्या दोन-तीन प्रायव्हेट लिमिटेड असणं नवीन नाही. एकीत फाउंड्री, दुसरीत मशीन शॉप, तिसरी नुसती प्लॉटपुरती. त्या एकत्र करायला कंपनी कायदा २०१३ मध्ये दोन रस्ते आहेत. कलम २३० ते २३२ चा रस्ता राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जातो, तर कलम २३३ चा जलद रस्ता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या प्रादेशिक संचालकांकडे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, पण विलीनीकरणाच्या अर्जाशी त्याचा संबंध नाही.

कोणाला चालतं

कलम २३३ दोन किंवा अधिक लघु कंपन्यांना चालतं. डिसेंबर २०२५ पासून लघु कंपनी म्हणजे भरणा झालेलं भांडवल १० कोटींपर्यंत आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत, दोन्ही अटी एकदम. होल्डिंग (जिच्या ताब्यात दुसरी कंपनी आहे ती) किंवा उपकंपनी कितीही छोटी असली तरी लघु धरली जात नाही. मात्र होल्डिंग आणि तिची उपकंपनी या नात्याने त्यांना हाच मार्ग वेगळा खुला आहे. सप्टेंबर २०२५ च्या दुरुस्तीनंतर शेअर बाजारात नोंद नसलेल्या इतर कंपन्याही यात येतात. त्यासाठी प्रत्येकीचं शिल्लक कर्ज, डिबेंचर (कर्जरोखे) आणि ठेवी मिळून २०० कोटींच्या आत हवेत, हप्ता थकलेला नको आणि तसं ऑडिटरचं प्रमाणपत्र सीएए-१०ए या फॉर्ममध्ये हवं. भागीदारी फर्म असेल तर आधी तिची कंपनी करा, मग पुढचं बोला.

क्रम

मेमोरँडममध्ये (कंपनीच्या स्थापनेच्या दस्तऐवजात) विलीनीकरणाचा अधिकार आहे का ते बघून दोन्ही संचालक मंडळांनी विलीनीकरणाच्या योजनेचा मसुदा मंजूर करायचा. घरच्या कंपन्यांत दोन्हीकडे तेच संचालक असतात. प्रायव्हेट कंपनीत हितसंबंध आधी जाहीर केला की त्या संचालकाला चर्चेत बसता येतं, पण ही सवलत ताळेबंद आणि वार्षिक विवरण भरायचं न चुकवणाऱ्या कंपनीलाच आहे. विवरणं राहिली असतील तर ती आधी भरा.

मग सीएए-९ ची नोटीस पुण्याच्या कंपनी निबंधकांना, मुंबईच्या अधिकृत परिसमापकांना (कंपन्या गुंडाळण्याचं काम बघणारा सरकारी अधिकारी) आणि ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना द्यायची. हरकतींना ३० दिवस. सभेआधी प्रत्येक कंपनीने सीएए-१० मध्ये सक्षमतेचं घोषणापत्र भरायचं. 'आम्ही देणी भागवू शकतो' असं त्यात संचालक स्वतःच्या सहीने सांगतात, म्हणून सीएने पाठवलं आणि सही ठोकली असं करू नका.

खरं अडतं ते सभेत. भागधारकांची मंजुरी ९० टक्के लागते आणि ती हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूण शेअर्सच्या. समजा १,००,००० शेअर्सपैकी ११,००० वारलेल्या आजोबांच्या नावावरच राहिलेत. बाकी सगळ्यांनी हात वर केला तरी बेरीज ८९,००० होते आणि ठराव पडतो. वारसांच्या नावे शेअर्स चढवणं हे पहिलं काम, योजना लिहिणं नंतरचं. त्याला वारस दाखला किंवा प्रोबेट (मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता) लागला तर महिने जातात. भाऊबंदकीत कोणी रुसलेला असेल आणि त्याच्याकडे १० टक्क्यांपेक्षा जास्त असतील तर जलद मार्ग बंदच समजा.

देणेकऱ्यांचंही, म्हणजे ज्यांचे पैसे कंपनीने द्यायचे आहेत त्यांचंही, तसंच. रकमेच्या नऊ-दशांश देणेकऱ्यांची संमती हवी, सभेत किंवा लेखी. कॅश क्रेडिट आणि टर्म लोन मिळून बँकेचाच वाटा बहुतेक वेळा दहा टक्क्यांच्या वर असतो, म्हणजे बँक नाही म्हणाली की संपलं. शाखेतल्या साहेबांचा तोंडी होकार उपयोगाचा नाही. मुख्यालयाचं पत्र येईपर्यंत सभेची तारीख काढू नका. सभेला २१ दिवसांची नोटीस लागते.

सभेनंतर १५ दिवसांत मंजूर योजना सीएए-११ मध्ये प्रादेशिक संचालकांकडे जाते. निबंधक आणि परिसमापकांच्या हरकती ३० दिवसांत यायला हव्यात. हरकत नसेल तर सीएए-१२ मध्ये पुष्टी मिळते. योजना मिळाल्यापासून ६० दिवसांत आदेश निघाला नाही तर मंजूर मानली जाते. योजना लोकांच्या किंवा देणेकऱ्यांच्या हिताविरुद्ध वाटली तर प्रादेशिक संचालकच ती न्यायाधिकरणाकडे पाठवतात. पुष्टी आयएनसी-२८ फॉर्मसोबत ३० दिवसांत निबंधकांकडे नोंदवली की विलीन होणारी कंपनी आपोआप विसर्जित होते.

जवळ ठेवायचे कागद

ऑडिट झालेले ताळेबंद, सदस्य नोंदवही, मिनिट बुक, ऑडिटरने तपासलेली देणेकऱ्यांची यादी, शेअर अदलाबदलीच्या प्रमाणासाठी नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा अहवाल, बँकेची संमती, चालू दाव्यांची यादी. नोंदवही आणि भरलेल्या वार्षिक विवरणात शेअर्सचे आकडे जुळत नसतील तर निबंधकांची पहिली हरकत तिथेच येते.

पुष्टीनंतर

मुद्रांक शुल्क मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून ठरवून घ्या. एमआयडीसीचा प्लॉट भाडेपट्ट्यावर असतो, त्यामुळे नाव बदलायला उद्योग भवनातल्या प्रादेशिक कार्यालयाची परवानगी लागते आणि हस्तांतरणाचा प्रीमियमही बसू शकतो. हा आकडा योजना लिहितानाच विचारा. प्रदूषण मंडळाची संमती, कारखाना परवाना, महावितरणचं कनेक्शन, भविष्य निर्वाह निधीचा कोड सगळं नव्या नावावर करायचं. जीएसटीत खरेदीवर भरलेल्या कराचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ ने वळतं. जुनी कंपनी तो फॉर्म सीएच्या प्रमाणपत्रासह भरते आणि नवी स्वीकारते. ते व्हायच्या आत जुना जीएसटी नंबर रद्द केला तर क्रेडिट अडकतं.