फेरीबोट वाहन की जमीन?

गोव्यातली रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट कॉम्प्युटर गेममध्ये आणायला बसलं की पहिल्याच पायरीवर अडतं. मांडवीतून चालते म्हणून ती वाहन. पण तिच्यावर स्कूटर उभ्या राहतात, माणसं फिरतात, म्हणून जमीनही. क्लासच्या, म्हणजे कोडमधल्या वस्तूंच्या प्रकारांच्या, वंशवृक्षात तिला कुठे बसवायचं? दोन बाप दिले तर सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेतली जुनी डोकेदुखी सुरू: एकच गुण दोघांकडून आला तर खरा कोणता? सगळं वरच्या आजोबांत कोंबलं तर धक्क्यावरच्या माडालाही वेग आणि प्रवासीसंख्या चिकटते.

नव्वदच्या दशकात मोठ्या गेमच्या स्टुडिओंपुढे हाच गुंता होता. 1998 च्या ‘थीफ’साठी लुकिंग ग्लास स्टुडिओने केलेल्या डार्क इंजिन या पायाभूत सॉफ्टवेअरात वस्तू म्हणजे नुसता क्रमांक होता, गुणधर्म त्याला बाहेरून जोडलेले. 2002 मध्ये ‘डंजन सीज’वर काम केलेले स्कॉट बिलास यांनी गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये हीच दिशा पुढे नेली: वस्तू कॉम्पोनंट, म्हणजे गुणधर्मांचे सुटे तुकडे, जोडून बनवायची, आणि कोणते जोडायचे ते कोड न बदलता डेटातून ठरवायचं. मात्र वागणं अजून कॉम्पोनंटच्याच पोटात होतं. ते बाहेर काढून वेगळ्या सिस्टिमकडे, म्हणजे त्या डेटावर चालणाऱ्या कोडकडे, सोपवा, कॉम्पोनंटमध्ये फक्त डेटा ठेवा, हा आग्रह ॲडम मार्टिन यांच्या 2007 पासूनच्या लेखमालेने रुजवला.

या रचनेचं नाव ईसीएस, म्हणजे एंटिटी कॉम्पोनंट सिस्टिम. आज ईसीएस म्हटलं की लोक आधी वेगाबद्दल बोलतात. एकाच प्रकारचा डेटा सलग ठेवला की प्रोसेसर मेमरीतून एका वेळी उचलतो ती 64 बाइटांची कॅश लाइन वाया जात नाही, हे खरंच. डेटाच्या मांडणीवरचं गेम प्रोग्रामर माईक ॲक्टन यांचं 2014 चं भाषण गाजलं, 2018 मध्ये युनिटी या गेम इंजिनाने डॉट्स हा ईसीएसवर बेतलेला संच पुढे आणला, आणि तोच मुद्दा ठळक झाला. पण माझ्या मते मूळ गरज डिझायनरची होती; वेग हा मागाहून मिळालेला नफा.

नियम मात्र कुठेच सोवळ्यात राहिले नाहीत. ‘ओव्हरवॉच’ या गेमच्या टिम फोर्ड यांनी 2017 मध्ये सांगितलं, की सिस्टिमकडे स्वतःची स्थिती नको हे पाळताना त्यांना एकेकटे, अख्ख्या गेमसाठी एकच असे कॉम्पोनंट करावे लागले.

शिवाय कोणती सिस्टिम आधी चालवायची, हा प्रश्न उरतोच. 2020 मध्ये आलेल्या बेव्ही या गेम इंजिनात सिस्टिम समांतर धावतात; क्रम हवा असेल तर आपणच लिहायचा. आम्ही तो लिहिलाच नव्हता. बोट सरकायची, तोल तपासला जायचा, स्कूटर मागाहून सरकायची, कधी उलटही. त्यामुळे कडेची स्कूटर एखाद्या फेरीत मांडवीत पडायची, एखाद्या फेरीत सुखरूप चोडणला पोचायची.